सॉल्ट लेकच्या प्रेषितांना, चहाच्या टेबलावरून

प्रति,
अध्यक्ष डॅलिन ओक्स, त्यांचे सल्लागार आणि बारा प्रेषितांचे मंडळ,
चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स,
सॉल्ट लेक सिटी, युटा

सप्रेम नमस्कार, वि. वि.

या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी साडेपाचलाच अंधार पडलेला, बाहेर घोट्याच्या वर बर्फ आणि दारात तुमच्या दोन मिशनरी मुली. जेमतेम विशीच्या, नाकं लाल झालेली, कोटावर काळी नावपट्टी. आमच्याकडची कुठलीही बाई अशा वेळी जे म्हणेल तेच माझ्या तोंडून गेलं, "आधी आत या, चहा टाकते." चौदा वर्षं युटात काढल्यावर मला हे सुचायला नको होतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एक जण अगदी ओशाळून म्हणाली, "थँक यू, पण आम्ही चहा नाही घेत."

मग मी पातेल्यात आलं ठेचून टाकलं, गूळ टाकला आणि खिडकीतल्या कुंडीतली गवती चहाची चार पाती कात्रीने कापून टाकली. एकीने विचारलं, याला काय म्हणतात? मी म्हटलं, गवती चहा. झालं. कप हातात तसाच राहिला. नावात चहा असला तरी हे नुसतं गवत आहे, हे पटवायला मला फोनवर चित्र दाखवावं लागलं. पटल्यावर मात्र दोघींनी दोन-दोन कप घेतले आणि जाताना नको नको म्हणत असताना पातेलं विसळून ठेवलं.

त्या गेल्या आणि हे पत्र डोक्यात सुरू झालं.

मी तुमच्या चर्चची सदस्य नाही आणि व्हायचा बेतही नाही. मी मूळची नाशिकची, नवऱ्याच्या नोकरीमुळे युटातल्या लीहायला आले आणि इथलीच झाले. आमची गल्ली तुमच्या एका 'वॉर्डा'त येते. (आमच्याकडे वॉर्ड म्हटलं की नगरसेवक आठवतो, इथे बिशप आठवतो, आणि तो बिशप म्हणजे आमच्याच गल्लीतला दातांचा डॉक्टर, बिनपगारी.) नवऱ्याची पाठ धरली त्या वर्षी तीन आठवडे आमच्या दारातला बर्फ कोण काढून जात होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही, सकाळी सहाला फावड्याचा आवाज यायचा आणि उठून पाहावं तर वाट मोकळी. चीज घातलेले, वरून कॉर्नफ्लेक्स चुरलेले बटाटे तर कितीदा आले. इथे त्यांना 'मयताचे बटाटे' म्हणतात हे मला नंतर कळलं, पण चव चांगली असते. सांगायचं ते हे की मी तुमचं मीठ खाल्लंय, आणि मीठ खाल्लेल्या माणसाने तोंडावर बोलावं.

तुमच्या लोकांसाठी रूढ झालेला 'मॉर्मन' हा शब्द तुम्हाला आता चालत नाही, हे ठाऊक आहे. २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी पूर्ण नाव वापरा असं बजावलं आणि जगप्रसिद्ध गायकवृंदाच्या नावातूनही तो शब्द गेला. त्याआधी काही वर्षं तुम्हीच 'मी मॉर्मन आहे' अशा जाहिराती लावत होता. पण हे पत्र माझी माणसंही वाचणार आहेत आणि त्यांना तेवढाच शब्द माहीत आहे, तेव्हा एखाद्या वेळी तो आला तर राग नसावा. गवती चहाचंच प्रकरण आहे हे.

मराठीतून का लिहिते? एक तर मला रागावणं, हसणं आणि विनवणं मराठीतच नीट जमतं. दुसरं, तुमचा आणि मराठी मुलखाचा जुना हिशोब आहे. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा तुमचा एक स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला आणि तिथून पुण्याला गेला. सॉल्ट लेकचं खोरं तुमच्या लोकांनी गाठून तेव्हा पाचच वर्षं झाली होती. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागून पस्तिसेक. फिंडलेचा श्रोता मुख्यतः लष्करातला गोरा शिपाई. छावणीच्या अधिकाऱ्यांना आणि इतर मिशनऱ्यांना तो नकोसा झाला. त्याच वर्षी तुमच्याकडे बहुपत्नीत्व जाहीरपणे सांगितलं गेलं होतं आणि ती बातमी त्याच्या मागोमाग पुण्यात पोचली. काही वर्षांत तुमच्या लोकांनी हिंदुस्थानातला गाशा गुंडाळला. मला त्या माणसाचं वाईट वाटतं. युटात बसून कुणीतरी काहीतरी ठरवायचं आणि त्याचं उत्तर पुण्याच्या कॅम्पात त्याने द्यायचं. तुमच्या चर्चची पुढची सगळी गोष्ट मला या एका माणसात दिसते.

लोक मला विचारतात, हा धर्म पुढे कसा बदलेल? तो बदलणारच नाही, असं म्हणणारे इथे पुष्कळ आहेत, आणि बदलला तर संपेल, असंही म्हणणारे आहेत. दोघांनीही तुमचा इतिहास वाचलेला दिसत नाही. तुमच्याइतक्या वेळा आणि तुमच्याइतक्या सफाईने बदललेला धर्म मला तरी दुसरा माहीत नाही. वरून जिवंत संदेष्टा असतो, त्याला प्रकटीकरण होतं, आणि काल जे अढळ होतं ते आज बाजूला ठेवता येतं. ही सोय पोपकडेही इतकी नाही.

१८९० घ्या. अमेरिकी सरकारने कायद्याने तुमचं चर्च जवळजवळ बरखास्त केलं होतं, मालमत्ता जप्त होत होती, पुढारी तुरुंगात किंवा लपून होते. तेव्हा तुमचे अध्यक्ष विलफर्ड वुड्रफ यांनी बहुपत्नीत्व थांबवण्याचा जाहीरनामा काढला आणि ऑक्टोबरच्या अधिवेशनात तो हात वर करून मान्य झाला. गंमत अशी, की त्याच ऑक्टोबरात पुण्यात पंच हौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि बरेच नामवंत एका व्याख्यानाला गेले आणि तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी प्यायलं, कुणी नुसता कप हातात घेतला. गोपाळराव जोशींनी नावं छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, झालं. प्रायश्चित्तापर्यंत पाळी गेली. म्हणजे तुमच्याकडे चार बायकांचा धर्म सुटत होता तेव्हा आमच्याकडे एका कप चहाने धर्म बुडत होता. आज आमच्या पुण्यात चहाला कुणी धर्म विचारत नाही. तुमच्याकडे मात्र चहा पिणाऱ्याला मंदिराचा परवाना मिळत नाही.

आमच्या शास्त्रींकडे अशा वेळेसाठी एक सुंदर शब्द होता, कलिवर्ज्य. जुन्या ग्रंथात सांगितलेली एखादी गोष्ट आता करवत नसेल, तर ती 'कलियुगात वर्ज्य' म्हणायची. पूर्वज चुकले असं म्हणावं लागत नाही, ग्रंथ खोटा ठरत नाही आणि माणसं पुढे जातात. वुड्रफ यांचा जाहीरनामा वाचला की मला हाच शब्द आठवतो. आणि त्यातली मेखही तीच. वर्ज्य केलेली गोष्ट माडीवर नुसती उचलून ठेवलेली असते, टाकून दिलेली नसते. तुमच्याकडे आजही विधुर पुरुष दुसऱ्या बायकोशी अनंतकाळासाठी 'सील' होऊ शकतो, म्हणजे मंदिरातल्या विधीने मरणानंतरही बांधला जातो. विधवेला जिवंतपणी दुसऱ्याशी तसं होता येत नाही. पृथ्वीवरचं बहुपत्नीत्व गेलं, स्वर्गातलं तसंच राहिलं. माझ्या शेजारणीला, जी चाळिशीत गेली तर नवऱ्याने दुसरं लग्न करावं असं स्वतः म्हणते, तिलाही रात्री हा विचार झोपू देत नाही. हे तिने मला सांगितलं, बिशपला नाही.

दुसरा मोठा बदल १९७८ चा. १८३६ मध्ये, तुमचे संस्थापक जोसेफ स्मिथ हयात असताना, एलायजा एबल या कृष्णवर्णीयाला तुमच्याकडे याजकपद मिळालं होतं. १८५२ मध्ये त्यांच्यानंतरचे अध्यक्ष ब्रिगहॅम यंग यांनी काळ्या लोकांसाठी ते बंद केलं आणि सव्वाशे वर्षं ते बंद राहिलं. ते उघडलं कशामुळे? अमेरिकेतल्या चळवळीचा दाब होताच, पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती साओ पाउलोची गोष्ट. ब्राझीलमध्ये मंदिर बांधायला काढलं, तिथल्या सदस्यांनी पै-पै जमवली, आणि ज्या देशात कुणाच्या रक्तात काय आहे हे कुणीच सांगू शकत नाही तिथे दारात उभं राहून कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही? अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल यांना जूनमध्ये प्रकटीकरण झालं, साओ पाउलोचं मंदिर त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर उघडलं. घाना आणि नायजेरियात तर त्याआधी कितीतरी वर्षं लोकांनी तुमचं पुस्तक कुठूनतरी मिळवून, मिशनरी नसताना, आपापल्या मंडळ्या काढल्या होत्या आणि सॉल्ट लेकला पत्रामागून पत्र पाठवत होते. त्या पत्रांना नीट उत्तर मिळायला १९७८ उजाडलं.

आमच्याकडे साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषण केलं तेव्हा कुठे विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडलं. तेव्हा मी तुम्हाला वरून काही सांगत नाहीये. आमच्यातल्या काही बडव्यांनी तेव्हा देवाचं तेज घागरीत काढून ठेवलं होतं, म्हणे. बाटलेली मूर्ती उरली तरी देव आपल्याकडे सुरक्षित! माणूस धर्म वाचवायला काय काय करतो.

पण पंढरपूरच्या बाबतीत आज कुणी म्हणालं की तेव्हा चूक झाली, तर कुणाची जीभ अडखळत नाही. तुमची अडखळते. अध्यक्षमहाराज, तुम्ही कायद्याचे माणूस, युटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होता. २०१५ मध्ये तुम्हीच सांगितलंत की माफी मागणं किंवा मागायला लावणं ही या चर्चची रीत नाही. २०१३ मध्ये चर्चच्या संकेतस्थळावरच्या निबंधात काळ्या लोकांबद्दलचे जुने सिद्धान्त नाकारले गेले, हे मोठं पाऊल होतं. पण ज्याच्या आजोबांना दारातून परत पाठवलं त्याला निबंध वाचून दाखवायचा का? २०१५ च्या नोव्हेंबरात समलिंगी जोडप्यांच्या मुलांना अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत बाप्तिस्मा नाही असं ठरलं आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये ते मागे घेतलं. साडेतीन वर्षांत आलं आणि गेलं, दोन्ही वेळा वरूनच. मधल्या काळात ज्या आठ वर्षांच्या पोराचा बाप्तिस्मा हुकला, त्याच्या आईला कुणी एक ओळ लिहिली असती तर? माझी ही पहिली मागणी आहे, आणि हिला पैसा, बांधकाम, प्रकटीकरण काहीच लागत नाही.

आता माझं मुख्य म्हणणं. तुमचे बदल मध्यभागी सुचत नाहीत. ते कडेला सुरू होतात, जिथे तुमचा नियम आणि तिथलं जगणं एकमेकांवर आदळतं, आणि सॉल्ट लेकला ते सगळ्यात शेवटी कळतं.

याचं सगळ्यात अजब उदाहरण तुमच्या घरचं नाही, तुमच्या भाऊबंदांचं आहे. जोसेफ स्मिथ यांच्या थोरल्या मुलाभोवती १८६० मध्ये जे रीऑर्गनाइज्ड चर्च उभं राहिलं, त्याची सगळी ओळखच होती 'आम्ही बहुपत्नीत्ववाले नव्हे'. शंभर वर्षांनी त्यांचे लोक ओडिशाच्या डोंगरात सोरा आदिवासींकडे पोचले. तिथे दोन बायकांचे नवरे बाप्तिस्मा मागू लागले. आता काय? दुसरीला टाकून ये म्हणायचं? तिने आणि तिच्या पोरांनी जायचं कुठे? शेवटी त्यांनी अशांना आत घेतलं, आणि १९७२ मध्ये तसा खुलासा त्यांच्या धर्मग्रंथात आला. ज्या गोष्टीला विरोध म्हणून घर वेगळं केलं, तिलाच ओडिशातल्या एका बाईच्या चुलीसाठी दार उघडलं. तेच चर्च आज 'कम्युनिटी ऑफ क्राइस्ट' म्हणून ओळखलं जातं; १९८४ मध्ये तिथे स्त्रियांना याजकपद द्यायचं ठरलं आणि २०२५ मध्ये त्यांची पहिली स्त्री अध्यक्ष झाली. तुमचे लोक म्हणतात, बघा, ते बदलले आणि आटले. खरंही आहे, २०२४ मध्ये त्यांनी कर्टलँडचं पहिलं मंदिर तुम्हालाच विकलं. पण आटण्याचं खापर बायकांच्या डोक्यावर फोडायची घाई नको. न बदलणारेही आटतात.

लग्नाचं सांगते. माझी एक मैत्रीण सांगलीची. तिचा मुलगा इथे शिकायला आला, एका गोड मुलीच्या प्रेमात पडला आणि तुमच्या चर्चमध्ये गेला. लग्न मंदिरात. मंदिरात परवाना असलेल्या सदस्यालाच प्रवेश, म्हणून आई-बाप बाहेर हिरवळीवर. २०१६ चा जून, ऊन मी म्हणत होतं. ती पैठणी नेसून बाकावर बसली होती आणि हातात रुमालाची गाठ होती. गाठीत अक्षता. सांगलीहून कुंकू लावून आणलेल्या. आत नेमकं कितीला काय होणार ते कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती अंदाजाने मनातल्या मनात मंगलाष्टकं म्हणत होती, संपली की पुन्हा पहिल्यापासून. जोडपं पायऱ्यांवर आलं तेव्हा तिने गाठ सोडली आणि सगळ्या अक्षता एकदमच टाकल्या. तिथला एक म्हातारा स्वयंसेवक झाडू घेऊन आला, आणि तिचं झालं नाही असं बघून झाडू पाठीमागे धरून उभा राहिला. त्या झाडूवाल्या आजोबांना काय करायचं ते नेमकं कळलं होतं.

आधी सर्वांसमोर साधं लग्न आणि मग मंदिरातला विधी, असं करायला तेव्हा अमेरिकेत एक वर्ष थांबावं लागायचं. मधल्या वर्षात लोक काय म्हणतील! पण ज्या देशांत कायद्यानेच लग्न चारचौघांत व्हावं लागतं तिथे तुमचेच सदस्य कित्येक वर्षं आधी ते आणि लगेच मंदिर असं करत होते, कुणाचं काही बिघडलं नाही. २०१९ च्या मे महिन्यात तुम्ही तीच मुभा सगळ्यांना दिलीत. माझी मैत्रीण बातमी वाचून म्हणाली, "तीन वर्षं उशीर झाला गं." बस, एवढंच.

बायकांबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण इथल्या बायकाच तुम्हाला लिहीत असतात. तुमच्या बायकांची संस्था, रिलीफ सोसायटी, १८४२ पासूनची. आमच्या वॉर्डात कुणी आजारी पडलं, बाळंत झालं, मेलं, की यंत्रणा हलते ती त्यांची. पण पैशाचा, नेमणुकीचा, शिस्तीचा निर्णय घेणारी खुर्ची पुरुषाची. नैवेद्य बाईने रांधायचा, गाभाऱ्यात पुरुषाने न्यायचा. हे मला कुणी समजावून सांगायला नको, आमच्याकडे शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बाई चढली ती २०१६ मध्ये, कोर्टातून जाऊन. तुमच्या सर्वसाधारण अधिवेशनात स्त्रीने प्रार्थना म्हटली ती पहिल्यांदा २०१३ मध्ये. आणि तरी तुमच्याच जुन्या पेटाऱ्यात एक गोष्ट पडून आहे: एकोणिसाव्या शतकात तुमच्या बायका आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत, रोग बरा व्हावा म्हणून. ते नंतर हळूहळू बंद झालं. ते परत आणायला नवं प्रकटीकरण कशाला हवं? माझा अंदाज, हेच आधी येईल, आणि तेही लागोस किंवा मनिलातून, जिथे वॉर्डात बाया जास्त आणि पुरुष कमी.

पैशांचं तर एका परिच्छेदात उरकते. उत्पन्नाचा दहावा हिस्सा घेणाऱ्याने हिशोब दाखवावा. तुमच्या गुंतवणूक संस्थेने शेअर्सची मालकी नावापुरत्या कंपन्यांमागे लपवून ठेवली म्हणून २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने संस्था आणि चर्च मिळून ५० लाख डॉलर दंड केला. दंड तुमच्या दृष्टीने चिल्लर. पण हैदराबादचा एखादा रिक्षावाला सदस्य जेव्हा दशमांश पाकिटात घालतो, तेव्हा ती चिल्लर नसते.

हैदराबाद म्हटलं म्हणून आठवलं. भारतातला तुमचा पहिला 'स्टेक' (बऱ्याच वॉर्डांचा मिळून एक विभाग) तिथे २०१२ च्या मे मध्ये उभा राहिला आणि तो उभा करायला तुम्ही स्वतः गेला होतात. म्हणजे तेलंगणचा मे तुम्ही सोसला आहे. एकूण सदस्य जगात पावणेदोन कोटी, त्यातले निम्म्याहून जास्त अमेरिकेबाहेर. भारतात जेमतेम पंधरा हजार. तरी बंगळुरूला मंदिर जाहीर झालं, २०२० मध्ये भूमिपूजनही झालं. छान. आता मला सांगा, मे महिन्याच्या हैदराबादेत एखादा सदस्य नातेवाइकांकडे गेला, काकूने स्टीलच्या पेल्यात चहा पुढे केला, आणि तो "नको" म्हणाला. काकूला काय ऐकू आलं? 'तुमच्या घरचं मला चालत नाही.' आपल्याकडे हे वाक्य कोण कुणाला म्हणायचं आणि का म्हणायचं, याचा हजार वर्षांचा इतिहास आहे. ज्याने जात सोडण्यासाठी तुमचं दार ठोठावलं असेल, त्याच्याच तोंडी तुम्ही हे वाक्य दिलंत.

आणि मूळ वचनात काय आहे? मी काढून वाचलं. १८३३ चं ते वचन. त्यात चहा हा शब्दच नाही, 'गरम पेये' आहे. ते आज्ञा म्हणून सांगितलेलं नाही असं सुरुवातीलाच लिहिलंय. मंदिराच्या परवान्याची सक्त अट ते १९२१ मध्ये झालं. उलट त्याच वचनात मांस बेताने खा, तेही थंडीत किंवा दुष्काळात, असं स्वच्छ म्हटलंय. आमच्या गल्लीत जुलै महिन्यात जी मांसाची धुरी उठते ती पाहून माझ्या सासूबाई, माळकरी बाई, म्हणाल्या होत्या, "यांना चातुर्मास नाही का गं?" मी म्हटलं, आहे, पुस्तकात आहे. कोकाकोलाचा घोळ मिटवायला तुम्हाला २०१२ पर्यंत वेळ लागला. तुमच्या विद्यापीठात कॅफीनवालं पेय विकायला २०१७. आता इथे कोपऱ्याकोपऱ्यावर सोड्याची दुकानं आहेत, कोकमध्ये नारळाचं सिरप आणि वर मलई, बादलीभर. ते चालतं, आणि काकूचा अर्धा पेला चहा चालत नाही. दारू-तंबाखूचा नियम ठेवा, त्याचा आमच्याकडच्या बायका दुवाच देतील. चहाचं मात्र हैदराबाद, गुवाहाटी आणि नैरोबीच्या सदस्यांना ठरवू द्या. माझं भाकीत लिहून ठेवा: तुमच्या हयातीत नाही, पण हा नियम जाईल, आणि जाताना असं म्हटलं जाईल की तो नियम खरं तर कधी तसा नव्हताच.

हयातीवरून, जरा नाजूक बोलते. तुमच्याकडे अध्यक्षाची गादी सेवाज्येष्ठतेने मिळते आणि मरेपर्यंत राहते. नेल्सनजी १०१ व्या वर्षी गेले. तुम्ही ९३ व्या वर्षी बसलात. आमच्याकडेही घरातल्या सगळ्यात वडील माणसाच्या पाया आधी पडतात. पण किल्ल्या कुठल्यातरी सुनेच्या कमरेला असतात. खालच्या फळीतल्या 'सेव्हंटी'ना तुम्ही सत्तरीत निवृत्त करता. वरच्या पंधरांनाही, म्हणजे अध्यक्ष, सल्लागार आणि बारा प्रेषितांना, नव्वदीला करायला हरकत काय? त्या पंधरांत एखादा तेलुगू बोलणारा, एखादा योरुबा बोलणारा बसेल तेव्हा सॉल्ट लेकला कडेचा आवाज पत्राने कळवावा लागणार नाही.

पुरखे शोधायचं तुमचं वेड मला खरंच आवडतं. ज्या खिंडीतल्या दगडाने सॉल्ट लेकचं मंदिर बांधलं, त्याच खिंडीत डोंगर पोखरून तुम्ही जगभरच्या नोंदींच्या फिल्म ठेवल्या आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही तुमच्या लोकांनी फिल्मवर घेतल्या. मी पंचवटीत वाढले, तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या, ते लांबलचक बाड उलगडून "अमुक गावचे तमुक का तुम्ही?" असं विचारणारे गुरुजी मी रोज पाहिलेत. आमच्या वॉर्डातल्या एक आजी तुमच्या वंशावळ केंद्रात बसतात. त्यांनी मोठ्या हौसेने माझी चार पिढ्यांची नावं लिहून घेतली. पणजोबांपाशी आल्यावर मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आजी, यांना पाण्यात घालायचं नाही हं." मृतांच्या नावाने तुम्ही बाप्तिस्मा करता हे मला माहीत होतं, होलोकॉस्टमध्ये गेलेल्या ज्यूंची नावं घ्यायची नाहीत असा समझोता तुम्ही १९९५ मध्ये केलात, आणि २०१२ मध्ये गांधीजींच्या नावानेही झाल्याची बातमी आमच्याकडे आली होती. आजी हसून म्हणाल्या, त्यात सक्ती नसते, तिकडे आत्म्याला नाही म्हणता येतं. मी म्हटलं, माझे पणजोबा वारकरी होते, त्यांना चंद्रभागा पुरली, आणि नाही म्हणण्याइतकं इंग्रजी त्यांना येत नाही.

आजींनी नावापुढे पेन्सिलने काहीतरी खूण केली. काय केली ते मी विचारलं नाही. नियम नव्हता, त्यांनी आपल्या मनाने केली.

सॉल्ट लेकचं ते जुनं मंदिर सध्या तुम्ही पायापासून बांधता आहात. चाळीस वर्षं खपून १८९३ मध्ये पुरं केलेली ती इमारत, आणि आता तिच्याखाली भूकंपाचा धक्का पोटात घेणारे आधार बसवताय. २०२० च्या मार्चमध्ये धरणी हलली तेव्हा शिखरावरच्या मोरोनी देवदूताच्या हातातली सोन्याची तुतारी गळून पडली, आठवतं ना? आम्ही त्या सकाळी टेबलाखाली होतो, आणि सगळं थांबल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल तर आधण ठेवलं.

२०२७ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत त्या मंदिराची दारं सगळ्यांना उघडी राहणार आहेत, परवान्याशिवाय. माझी सांगलीची मैत्रीण तेव्हा नातवाला भेटायला इथेच असेल. आम्ही दोघी रांगेत उभ्या राहू. तिला लग्नाची खोली आतून कशी दिसते ते बघायचंय. चहा आम्ही घरूनच पिऊन येऊ.

आपली,
लीहायची एक शेजारीण